ओळखीचं कुणी नसलेल्या शहरात : बाबासाहेब कोलंबियाला शिकायला गेले ती गोष्ट

बिलोली : बारावीचा निकाल लागला की बिलोली, कुंडलवाडी, सगरोळी भागातली लेकरं घराबाहेर पडतात. कुणी नांदेडला, कुणी लातूरला, कुणी संभाजीनगर, पुणे नाहीतर हैदराबादला. एक बॅग, एक वळकटी, डब्यात दोन दिवस टिकतील अशा दशम्या आणि खिशात मोबाईल. पोचलं की फोन कर म्हणून आई चार वेळा बजावते. आत गेल्यावर कुणाशी बोलायचं, मेस कुठं लावायची, रूमवरचा पोरगा कसा असेल, कुणी आडनाव विचारलं तर पुढं काय होईल, हे सगळं पोटात घेऊन लेकरू एसटीत बसतं.

एकशे दहा वर्षांपूर्वी असाच एक बावीस वर्षांचा तरुण मुंबईच्या बंदरातून निघाला होता. त्याला जायचं होतं अमेरिकेत, न्यूयॉर्क शहरात. तिथं नात्यातलं कुणी नव्हतं, गावचं नव्हतं, जातीचं तर नव्हतंच. फोन नव्हता. पत्र पोचायला कित्येक आठवडे लागायचे. घरी बायको, काही महिन्यांचं लेकरू, आणि वडील जाऊन जेमतेम चार-पाच महिने झालेले. भीमराव रामजी आंबेडकर असं त्या तरुणाचं नाव. बाबासाहेब ही ओळख फार पुढची.

घटना लिहिणारे बाबासाहेब, चवदार तळ्याचे बाबासाहेब, दीक्षाभूमीचे बाबासाहेब सगळ्यांना ठाऊक आहेत. पण कॉलेजात पहिल्या दिवशी जाणारे, जेवण न जाणारे, सुरुवातीचे काही महिने हिंडण्यात घालवणारे भीमराव फारसे कुणाला माहीत नसतात. बाहेरगावी शिकायला निघालेल्या पोरांना तेच जास्त जवळचे वाटतील.

गोणपाटापासून एल्फिन्स्टनपर्यंत

जन्म १४ एप्रिल १८९१, महू इथला. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं आंबडवे. पेन्शन झाल्यावर कुटुंब साताऱ्याला आलं. तिथल्या शाळेत भीमरावांना वर्गात वेगळं बसावं लागे. बसायला गोणपाट घरून न्यायचं आणि शाळा सुटली की परत घरी आणायचं. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही. शिपाई तोटी सोडेल तेव्हाच पाणी, शिपाई नसेल तर पाणी नाही.

नऊ-दहा वर्षांचे असताना ते भावंडांबरोबर वडिलांना भेटायला रेल्वेने निघाले. मसूर स्टेशनावर उतरले. नवे कपडे, टोप्या, बघणाऱ्याला चांगल्या घरची लेकरं वाटावीत अशी. वडिलांना पत्र मिळालं नव्हतं, त्यामुळं घ्यायला कुणी आलं नाही. स्टेशन मास्तरांनी जात विचारली आणि ऐकून मागं सरले. बैलगाडी मिळेना. शेवटी एक गाडीवान दुप्पट भाड्यावर तयार झाला, तेही पोरांनी गाडी हाकायची आणि त्यानं बाजूनं चालायचं या अटीवर. सोबत खायला होतं, पण रात्रभर प्यायला कुणी पाणी दिलं नाही. ही हकिकत त्यांनी स्वतः पुढं लिहून ठेवली आहे.

पुढं कुटुंब मुंबईला गेलं आणि परळच्या चाळीत एका खोलीत राहू लागलं. त्याच खोलीत चूल, त्यातच सरपण, त्यातच सगळ्यांचं झोपणं. जात्याजवळच्या जागेत भीमराव निजायचे. रामजीबाबा रात्री दोनपर्यंत जागे राहायचे, मग मुलाला उठवून स्वतः त्याच्या जागेवर झोपायचे. गल्ली शांत असते तेवढ्या वेळात पोराचा अभ्यास व्हावा म्हणून बापाने काढलेला हा तोडगा होता. पुस्तकांसाठी पैसे नसले की रामजीबाबा लग्न झालेल्या लेकींकडे जायचे. त्यांचा एखादा दागिना मागून घ्यायचे, तो गहाण ठेवायचे आणि पेन्शन आली की सोडवून परत द्यायचे. लेकीचा दागिना सोडवायची तारीख डोक्यावर घेऊन शिकवणारा बाप काय असतो, हे आपल्या भागात कुणाला समजावून सांगायची गरज नाही.

एल्फिन्स्टन हायस्कूल ही सरकारी शाळा. तिथंही फळ्यापाशी गणित सोडवायला बोलावलं तेव्हा फळ्यामागं ठेवलेले आपले जेवणाचे डबे उचलायला बाकीची पोरं धावली होती. संस्कृत शिकायचं होतं, पण शिकवायला नकार मिळाला म्हणून फारसी घ्यावी लागली. १९०७ साली मॅट्रिक झाले. ७५० पैकी २८२ गुण. आजच्या टक्क्यांच्या हिशेबात हा आकडा कुणी बॅनरवर छापणार नाही. पण त्यांच्या समाजात मॅट्रिक होणं ही तेव्हा सत्कार करण्यासारखी गोष्ट होती, आणि तसा सत्कार झालाही. त्या सभेला सी. के. बोले होते. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेलं बुद्धांचं चरित्र त्यांना भेट दिलं. पुढं याच केळुसकरांनी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडं शब्द टाकला आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. त्यावर एल्फिन्स्टन कॉलेजचं शिक्षण झालं. प्राध्यापक म्युलर पुस्तकं द्यायचे, कपडेही द्यायचे. कॉलेजच्या हॉटेलवाल्याकडं मात्र त्यांना चहा-पाणी मिळत नसे.

लग्न शाळेत असतानाच झालेलं. भायखळ्याचा बाजार रात्री रिकामा झाल्यावर तिथंच मांडव. रमाबाई तेव्हा नऊ-दहा वर्षांच्या.

सुरतेचं स्टेशन

इंग्रजी आणि फारसी घेऊन बी.ए. झाल्यावर जानेवारी १९१३ मध्ये भीमराव बडोद्याला नोकरीत रुजू झाले. महाराजांच्या शिष्यवृत्तीवर शिकले होते, त्यामुळं तिथं नोकरी करणं भाग होतं. पंधरा दिवसही झाले नसतील तोच तार आली, वडील आजारी आहेत. तसेच निघाले. वाटेत सुरतेला वडिलांसाठी मिठाई घ्यायला खाली उतरले आणि गाडी सुटली. दुसऱ्या गाडीनं मुंबईला पोचेपर्यंत रामजीबाबांचे शेवटचे क्षण आले होते. लेकाच्या पाठीवरून हात फिरला आणि सगळं संपलं. तारीख २ फेब्रुवारी १९१३.

त्यांच्या आयुष्यातली ही गोष्ट सभांमधून फारशी सांगितली जात नाही. पण पुढं न्यूयॉर्कच्या थंडीत रात्र-रात्र वाचत बसलेला माणूस समजून घ्यायचा तर सुरत स्टेशनवरून सुटलेली ती गाडी लक्षात ठेवावी लागते.

बडोद्याला परत जायचं मन नव्हतं. त्याच सुमारास सयाजीराव महाराज काही विद्यार्थ्यांना अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात पाठवणार असल्याचं कळलं. भीमराव महाराजांना भेटले, अर्ज केला, निवड झाली. ४ जून १९१३ रोजी बडोद्यात करारावर सही केली. ठरलेल्या विषयांचा अभ्यास करायचा आणि परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची. शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं. पौंडाला पंधरा रुपये हा तेव्हाचा भाव धरला तर महिन्याला साधारण १७२ रुपये होतात. त्यातूनच न्यूयॉर्कचा खर्च भागवायचा होता, आणि त्यातूनच घरीही पाठवायचं होतं. यशवंताचा जन्म डिसेंबर १९१२ चा. बाप निघाला तेव्हा लेकरू सात महिन्यांचंही नव्हतं.

पहिला आठवडा

जुलै १९१३ च्या तिसऱ्या आठवड्यात भीमराव न्यूयॉर्कला उतरले. विद्यापीठाच्या हार्टली हॉल नावाच्या वसतिगृहात खोली मिळाली. आणि पहिलीच अडचण आली ती जेवणाची. नांदेड-लातूरला गेलेल्या कुठल्याही पोराला विचारा, पहिल्या आठवड्यात पुस्तकांआधी मेस आठवते. हार्टली हॉलमधलं जेवण अर्धकच्चं, त्यात गोमांस. ते त्यांना गेलं नाही. आठवडाभरात त्यांनी ती जागा सोडली आणि कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये राहायला गेले. तिथं काही हिंदी विद्यार्थी होते, निदान बोलायला माणसं होती. तिथूनही पुढं ते लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात गेले. तिथं नवल भथेना हा पारशी तरुण त्यांच्याबरोबर राहायला होता.

परक्या शहरात भेटलेला हा एक मित्र त्यांना जन्मभर पुरला. रूम पार्टनर कसा मिळतो यावर किती गोष्टी ठरतात! हाच भथेना पुढं त्यांना लंडनला जाण्यासाठी पाच हजार रुपये उसने देणार होता. ते पुढं येईलच.

जेवणाचा प्रश्न सुटला, पण न्यूयॉर्कमध्ये त्याहून मोठी एक गोष्ट त्यांच्या वाट्याला आली होती. वर्गात कुठं बसायचं हे कुणी सांगत नव्हतं. पाण्याच्या नळाला शिपाई नव्हता. खाणावळीत टेबलावर सगळ्यांच्या मांडीला मांडी लावून बसायचं, वाचनालयात हवं ते पुस्तक हातात घ्यायचं, रस्त्यावर कुणाच्याही शेजारून चालायचं. बावीस वर्षांत हे असं पहिल्यांदाच घडत होतं. म्हणजे ओळखीचं कुणी नसणं ही त्यांच्यासाठी नुसती अडचण नव्हती, त्यात एक सुटकाही होती. मायदेशात तोंडओळख व्हायच्या आधी जात ओळखली जायची. तिथं नाव सांगितलं तरी त्यातून काही कळणारी माणसं नव्हती.

सोन्याचा मुलामा द्यायची गरज नाही, कारण खरी गोष्ट जास्त चांगली आहे. त्या मोकळेपणात सुरुवातीचे काही महिने सैल गेले. मित्रांबरोबर हिंडणं, नाटकं, बॅडमिंटन, बर्फावरून घसरण्याचा खेळ. चरित्रकारांनी हे लिहून ठेवलं आहे, पण जयंतीच्या भाषणात कुणी सांगत नाही. जणू त्यानं बाबासाहेब लहान होतात. एका रात्री मात्र त्यांच्या मनानं उचल खाल्ली. घरची माणसं कशी दिवस काढत असतील, आपण कशासाठी इथं आलो, साडेअकरा पौंडांची मुदत किती राहिली, हे सगळं पुढं आलं. तिथून पुढं त्यांचा दिनक्रम पालटला तो कायमचा.

मग दिवसाचे अठरा-अठरा तास अभ्यास. वाचनालय उघडायच्या वेळेला हजर, बंद होईपर्यंत मुक्काम. खाणं म्हणजे कॉफी, दोन मफिन आणि एखादी मांसाची नाहीतर माशाची डिश. सिनेमा, दारू, सिगारेट काही नाही. उरलेल्या पैशातून घरी मनिऑर्डर आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून पुस्तकं. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी घेतलेल्या पुस्तकांची संख्या दोन हजारांच्या घरात सांगितली जाते.

तीन वर्षांत त्यांनी किती विषयांचे वर्ग केले याची यादी बघितली की डोळे फिरतात. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३. वर फ्रेंच आणि जर्मन भाषा. पदवीला एवढं लागत नव्हतं. दुकान उघडं आहे आणि परत कधी उघडं सापडेल याचा भरवसा नाही, असा माणूस जसा पदरात मावेल तेवढं भरून घेतो, तसं ते होतं. शिकवणारेही मोठे होते. अर्थशास्त्राला एडविन सेलिग्मन, तत्त्वज्ञानाला जॉन ड्युई, इतिहासाला जेम्स हार्वे रॉबिन्सन आणि जेम्स शॉटवेल, मानववंशशास्त्राला अलेक्झांडर गोल्डनवायझर. ड्युईंचा प्रभाव त्यांच्या लिखाणात शेवटपर्यंत दिसतो.

पोचल्यावर थोड्याच दिवसांत त्यांनी वडिलांच्या एका स्नेह्याला पत्र लिहिलं होतं. त्यात मुलांबरोबर मुलींनाही शिकवा, म्हणजे समाज लवकर पुढं जाईल, असा आग्रह होता. बावीस वर्षांच्या पोराला नव्या शहरात घराची आठवण येते ती अशी.

लाला लजपतराय त्या काळात न्यूयॉर्कला होते. त्यांनी भीमरावांना स्वातंत्र्याच्या चळवळीत ओढायचा प्रयत्न केला. पण आधी शिक्षण पुरं करायचं, महाराजांना दिलेला शब्द पाळायचा, असं सांगून त्यांनी तेव्हा नकार दिला.

१९१५ मध्ये एम.ए. झाले. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातल्या जातींची उत्पत्ती आणि रचना या विषयावर निबंध वाचला. ज्या गोष्टीपायी मसूर स्टेशनवर पाणी मिळालं नव्हतं, तिची चिरफाड ते आता जगातल्या नावाजलेल्या विद्यापीठात शास्त्राच्या भाषेत करत होते. वय पंचवीस. त्याच वर्षी पीएच.डी.चा प्रबंधही तयार झाला. तो वाढवून छापून द्यायला आणि पदवी प्रत्यक्ष हातात पडायला मात्र १९२७ उजाडलं.

बडोद्यात खोली मिळेना

जून १९१६ मध्ये ते लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातलं, बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्येही प्रवेश घेतला. पुन्हा नवं शहर, पुन्हा सुरुवात. पण वर्षभरातच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. पुढच्या चार वर्षांत येऊन अभ्यास पुरा करता येईल एवढी परवानगी मात्र विद्यापीठाकडून पदरात पाडून घेतली. महायुद्ध चालू होतं. पुस्तकं वेगळ्या बोटीनं पाठवली होती, ती बोट पाणतीराच्या तडाख्यात बुडाली. जमवलेल्या पुस्तकांतली पुष्कळशी समुद्राच्या तळाला गेली. भरपाई म्हणून जे काही पैसे आले, ते बडोद्याला नोकरीवर जायच्या प्रवासाला कामी आले.

ऑगस्ट १९१७ मध्ये मुंबईला आले आणि करारानुसार बडोद्याला हजर झाले. एम.ए., कोलंबियाचा प्रबंध लिहिलेला, लंडन बघून आलेला माणूस. आणि त्याला गावात राहायला खोली मिळेना. हिंदू खानावळीत घेणार नव्हते. ओळखीचे काही होते, पण त्यांच्या दारात जाऊन नाही ऐकायची लाज वाटली. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून जागा घेतली. वरचा मजला, सगळी अडगळ, दुसरं माणूस नाही, रात्री कंदिलाचा मिणमिणता उजेड. न्यूयॉर्कमध्ये एवढं एकटं वाटलं नसेल तेवढं तिथं वाटलं.

अकराव्या दिवशी सकाळी ऑफिसला निघाले तर जिन्यावर डझनभर पारशी काठ्या घेऊन उभे. धर्मशाळा बाटवली म्हणून संध्याकाळच्या आत जागा सोड, नाहीतर बघून घेऊ असा दम. दोन ओळखीच्यांकडं विचारून पाहिलं. एक हिंदू होता, एक ख्रिस्ती. दोघांनीही आपापली अडचण सांगितली. सामान घेऊन ते कमाठी बागेत जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीची वाट बघत तिथंच बसून राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. परदेशातल्या चार वर्षांत आपण अस्पृश्य आहोत हे ते विसरूनच गेले होते, असं त्यांनी नंतर या प्रसंगाबद्दल लिहिलं. बडोद्याच्या अकरा दिवसांनी ते परत आठवून दिलं.

दूर कुठंतरी कुणी ओळखत नाही म्हणून भीती वाटते, हे खरंच. पण त्यांना सगळ्यात जास्त परकं केलं ते आपल्याच देशातल्या, आपल्याला शिष्यवृत्ती देणाऱ्या राजाच्या गावानं. यात सयाजीराव महाराजांचा दोष कमी आणि महाराजांनाही न जुमानणाऱ्या रीतीभातीचा जास्त.

चार पापड

नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची नोकरी मिळाली, पगार ४५० रुपये. एवढ्या पगारावर माणूस स्थिर झाला असता. यांनी काटकसर करून पैसा बाजूला टाकला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली. नवल भथेनानं ते पाच हजार दिले. १९२० मध्ये नोकरी सोडून परत लंडन.

या वेळचे हाल न्यूयॉर्कपेक्षा जास्त. घरमालकीण चिकट. सकाळी पावाचा एक तुकडा, तो खाऊन ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात. दुपारच्या जेवणाला बहुतेक दिवस फाटा. संध्याकाळी खोलीवर येऊन थोडंसं काही पोटात ढकललं की परत वाचन. रात्री दहाच्या सुमारास भूक असह्य व्हायची. खोलीत पापड असायचे. त्यातले चार भाजून घ्यायचे, वर गरम पेय, आणि पहाटेपर्यंत पुस्तक. तू जरा झोप म्हणून सोबती सांगायचा. झोपेला आपल्याकडं वेळ नाही, असंच त्यांचं उत्तर ठरलेलं असे.

१९२१ मध्ये एम.एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टर, १९२३ मध्ये डी.एस्सी. रुपयाच्या प्रश्नावरचा तो प्रबंध त्याच वर्षाच्या शेवटी लंडनमध्ये पुस्तकरूपानं निघाला. तिकडं परळच्या खोलीत रमाबाईंनी हे दिवस कसे काढले ते वेगळं लिहायला हवं. त्यांना झालेल्या पाच लेकरांपैकी एकटा यशवंत जगला. नवऱ्याच्या पदव्यांच्या यादीशेजारी हाही हिशेब मांडायला हवा, तो सहसा मांडला जात नाही.

पोरांना राहायला जागा

परत आल्यावर १९२४ मध्ये त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. सभेनं पहिल्या कामांत कोणतं काम घेतलं? जानेवारी १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह सुरू केलं. खेड्यातलं पोरगं हुशार असलं तरी तालुक्याच्या गावी त्याला खोली कोण देणार, जेवायला कुठं बसणार, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. हार्टली हॉलही बघितला होता आणि बडोद्याची धर्मशाळाही.

महाड, नाशिक, गोलमेज परिषद, पुणे करार हा सगळा इतिहास पुस्तकांत भरपूर आहे. पण शिक्षणाच्या धाग्यानंच पुढं जायचं तर १९४२ साल गाठावं लागतं. त्या वर्षी ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर मंत्री झाले. त्यांच्या पाठपुराव्यानं अनुसूचित जातीच्या मुलांना मॅट्रिकनंतरच्या शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्ती सुरू झाली, काही मुलांना सरकारी खर्चानं परदेशीही पाठवण्यात आलं. १९४४ पासूनची ती शिष्यवृत्ती आजही चालू आहे. कॉलेजच्या ऑफिसात जिला भारत सरकार शिष्यवृत्ती म्हणतात, पोर्टलवर फॉर्म भरताना जिच्यासाठी जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला जोडून सर्व्हर चालायची वाट बघत बसावं लागतं, ती हीच. ज्याला साडेअकरा पौंडांची मुदत संपली म्हणून लंडन सोडावं लागलं होतं, त्या माणसाच्या हातून ती सुरू झाली.

८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. पुढच्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज निघालं. दिवसा नोकरी करणाऱ्या पोरांना शिकता यावं म्हणून तिथं सकाळचे वर्ग ठेवले.

आणि मग मराठवाडा. बिलोलीच काय, सगळा नांदेड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. १७ सप्टेंबर १९४८ ला राज्य भारतात आलं, पण कॉलेजं काही एका रात्रीत उगवत नाहीत. पदवीपर्यंत शिकायचं तर हैदराबादला उस्मानिया विद्यापीठात जायचं, तिथं बरीच वर्षं शिकवण्याची भाषा उर्दू. खेड्यातल्या शेतमजुराच्या पोराला हैदराबाद काय आणि न्यूयॉर्क काय, सारखंच लांब. नांदेडला पीपल्स कॉलेज १९५० मध्ये सुरू झालं. त्याच वर्षी जूनमध्ये बाबासाहेबांच्या सोसायटीनं औरंगाबादला कॉलेज काढलं.

जागा गावाबाहेर, लेण्यांच्या डोंगराच्या बाजूला, नुसतं माळरान. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. म. भि. चिटणीस प्राचार्य होते. परिसराला नाव दिलं नागसेनवन आणि कॉलेजला पुढं मिलिंद. मिलिंद हा ग्रीक राजा होता, भिक्खू नागसेनांना एकामागून एक प्रश्न विचारणारा. कॉलेजला देवाचं, देणगीदाराचं किंवा स्वतःचं नाव न देता प्रश्न विचारणाऱ्याचं नाव द्यावं, ही कल्पना त्यांचीच.

बांधकामात त्यांचं बारीक लक्ष असायचं. पण इमारतीइतकंच महत्त्वाचं होतं वसतिगृह. मराठवाड्याच्या आठही दिशांनी पोरं येणार, त्यांच्या अंगावर धड कपडे नसणार, शहरात ओळख नसणार आणि खोली मागायला गेलं की आधी जात विचारली जाणार. नागसेनवनात ती विचारणारं कुणी नव्हतं. पत्र्याची पेटी आणि वळकटी घेऊन आलेल्या पोराला कॉट, जेवण आणि वाचनालय तिथंच मिळायचं. त्या पोरांतून पुढं वकील झाले, मास्तर झाले, अधिकारी झाले. दलित साहित्याची मराठवाड्यातली सुरुवातही याच परिसरातून झाली.

१९५३ च्या जानेवारीत उस्मानिया विद्यापीठानं बाबासाहेबांना डी.लिट. ही सन्मानाची पदवी दिली. त्याच्या आदल्या वर्षी कोलंबियाचं बोलावणं आलं होतं. तब्येत खालावलेली, पाय दुखायचे, मंत्रिपद सोडून झालेलं. तरी ते गेले. ५ जून १९५२ रोजी न्यूयॉर्कमध्ये विद्यापीठानं त्यांना एलएल.डी. देऊन गौरवलं. हार्टली हॉलमधलं जेवण सोडून निघाले त्याला एकोणचाळीस वर्षं झाली होती. त्याच महिन्यात औरंगाबादच्या माळावर कॉलेजचं तिसरं वर्ष सुरू होत होतं, आणि खेड्यापाड्यांतून नवी पोरं पेट्या घेऊन येत होती.